लाल वण, पांढरा वण

पोटातली आग थांबली की गोळ्याही थांबतात. अल्सरच्या रुग्णांची ही सवय घातक आहे. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी काही दिवसांतच बरं वाटू लागतं; जठरातली जखम मात्र भरायला अनेक आठवडे घेते.

हे भरणं टप्प्याटप्प्यानं वाचायला जपानी डॉक्टरांनी शिकवलं. जठराच्या आतली छायाचित्रं घेणारा गॅस्ट्रोकॅमेरा जपानमध्ये १९५० साली तयार झाला. पुढे साकिता आणि मिवा यांच्या नावानं ओळखली जाणारी वर्गवारी रूढ झाली. तिच्यात तीन अवस्था आहेत आणि प्रत्येकीचे दोन टप्पे. ‘ए’ म्हणजे सक्रिय व्रण: तळावर जाड पांढरा थर, कडा सुजलेल्या. सूज ओसरली की कडेनं नव्या अस्तराची लालसर किनार दिसू लागते. ‘एच’मध्ये तो थर पातळ होतो आणि नवं अस्तर आत सरकत तळ झाकत जातं. ‘एस’ म्हणजे वण. पहिल्या टप्प्यात तो लाल असतो, दुसऱ्यात पांढरा.

लाल वण म्हणजे जखम मिटली, पण नवं अस्तर अजून कोवळं आहे. पांढऱ्या वणापेक्षा इथे व्रण पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तसाच राहिला किंवा वेदनाशामक गोळ्या चालूच राहिल्या, तर दुखणं परतणारच. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी २००५ साली नोबेल मिळालं. तरीही प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट सोडणारे आजही आहेतच.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जठराचा प्रत्येक व्रण साधा नसतो. सुरुवातीच्या कर्करोगातला व्रणसुद्धा औषधांनी भरल्यासारखा दिसतो आणि पुन्हा उघडतो. म्हणून नुसत्या दिसण्यावर भिस्त ठेवून चालत नाही, कडेचे तुकडे बायोप्सीला पाठवावे लागतात. लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणात कर्करोग क्वचितच आढळतो, त्यामुळे तिथे सहसा दुसऱ्या दुर्बिणीची गरज पडत नाही. जठराच्या व्रणात मात्र आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

डॉक्टरांकडेही एक मागणी आहे. अहवालात नुसतं ‘अल्सर’ लिहू नका. टप्पा लिहा आणि तो रुग्णाला समजावून सांगा. जखम कुठवर भरली हे कळलेला माणूस गोळ्या मध्येच सोडणार नाही.