आधी भाकर, मग उपदेश



गेल्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. रविवारची मिस्सा संपली, लोक पांगले, तरी एक बाई चर्चच्या पायरीवर थांबून होत्या. नवरा हैदराबादला बांधकामावर. घरात फायनान्सचं गटाचं कर्ज. हप्ता दर आठवड्याला, आणि एकीचा चुकला की बाकीच्यांनी मिळून भरायचा. "मास्तरजी, रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, मग सकाळी लेकरांवर हात उठतो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, विश्वास ठेवा, रोझरी म्हणा, प्रभू बघून घेईल. दोन मिनिटांत मी मोकळा झालो आणि सायकल काढली.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. "माळ हातात घेते, पण मणी मोजता मोजता हप्तेच मोजते. माझा विश्वासच कमी असंल."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. बाई एक ओझं घेऊन माझ्याकडे आल्या होत्या आणि मी त्यावर दुसरं ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या मंडळ्यांत ही चूक रोज होते. माणूस तणावाने पिचला की आपण त्याचा विश्वास तपासायला बसतो. पवित्र शास्त्र असं करत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला एलीया ईजबेलच्या एका धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याचा विश्वास एका दिवसात आटला का? देवदूत त्याला तसं विचारतही नाही. तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, मग दुसऱ्यांदा जेवायला उठवतो. देवाचा प्रश्न येतो तो त्यानंतर, होरेबच्या गुहेत, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आणि शेवटी त्याला एक सोबती मिळतो, अलीशा. मी हा अध्याय मुलांना कितीदा तरी शिकवला, पण अग्नीवरच थांबत होतो. भाकरीपाशी कधी थांबलोच नाही.

खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत तिघांना जागं राहायला सांगितलं होतं. प्रार्थना तो करणारच होता, तरी त्याला जवळ माणसं हवी होती.

देवाने शरीरच तसं घडवलं आहे. वाघ समोर आला तर पळता यावं म्हणून काळजाचे ठोके वाढतात, श्वास भराभर चालतो, भूक मरते. वाघ निघून जातो आणि शरीर शांत होतं. कर्जाचा हप्ता मात्र दर आठवड्याला येतो, म्हणून शरीर रात्रीही पहारा देत राहतं. यात पाप कुठे आलं? म्हणून श्वास हळू, लांब सोडला की ठोके थोडे उतरतात, हे मी आता प्रार्थनेआधी सांगतो. संध्याकाळनंतरचा काळा चहा सोडा, हेही सांगतो. (आमच्या घरी अजून कोणी ऐकलेलं नाही.)

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट आपण आवडीने सांगतो. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना नवा करार मिळाला. ती गाडी आपल्या शेजारच्या गोंदियावरूनच जाते. टिळक आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे पाच वर्षं लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, हा भाग आपण घाईत उरकतो. 'स्मृतिचित्रे'त बाईंनी आपलं रडणं झाकलेलं नाही. वाचताना हसूही येतं, हा त्यांचा स्वभाव. त्या दिवसांत त्यांना सांभाळलं ते नात्यातल्या माणसांनी, आणि ती माणसं ख्रिस्ती नव्हती.

काही वेळा एवढ्यानेही भागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायचं, जसं तापासाठी जातो. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच आधी धरतो आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकतो. कायद्याला कळलेलं आपल्याला चर्चच्या पायरीवर कळू नये, याची मला लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. त्या, त्यांच्या गटातल्या दोघी आणि मी. कर्ज एक नव्हे, दोन निघाले. दुसरं नवऱ्याला ठाऊकच नव्हतं. तिथूनच त्याला फोन लावला. तो आधी चिडला, मग बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, पुढच्या महिन्यापासून थोडे जास्त पाठवतो. प्रार्थना आम्ही त्यानंतर केली, छोटीशीच.

हप्ते अजून फिटलेले नाहीत. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आता चारपर्यंत झोप लागते.