ऐंशी रुपयांचे मायबाप सरकार

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 10 जून 2025 रोजी बाटलीचे चातुर्वर्ण्य मंजूर केले. 180 मिलिलिटरच्या मापाला देशी दारू किमान 80 रुपये, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाची नवी जात 148, भारतीय बनावटीची विदेशी 205 आणि उंची विदेशी 360. विदेशीवरचा कर निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाला, देशीवरचा प्रूफ लिटरमागे, म्हणजे अल्कोहोलच्या मापाने, 180 वरून 205 रुपये. बिअर आणि वाईन यांना हात लावला नाही. या सगळ्यातून तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटींची भर पडेल, असे छाती पुढे काढून सांगण्यात आले. महसूल वाढवायचा होता, तो वाढवला. कामगाराच्या यकृताचे काय, त्याच्या पोरांच्या शाळेचे काय, हा प्रश्न ज्या टेबलावर यायला हवा होता त्या टेबलावर फक्त आकडेमोड होती.

या चार वर्णांत अंबरनाथच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून निघालेला कंत्राटी कामगार कुठे बसतो? उल्हासनगरच्या कॅम्पात नगावर जीन्स शिवणारा, बदलापूरच्या नव्या टॉवरच्या पायात काँक्रीट ओतणारा, कुठे बसतो? पहिल्या पायरीवर. आणि ती पायरी महाग झाली की तिच्याखाली. खाली कोण उभे आहे हे सरकारला ठाऊक नाही काय? काळा गूळ, नवसागर, जमिनीत पुरलेले ड्रम, रबरी ट्यूबमध्ये भरून रिक्षाच्या सीटखालून निघणारा माल! हातभट्टीला किमान किंमत नाही, प्रूफ लिटर नाही, ‘ड्राय डे’ला बंद नाही. देशीवर पंचवीस रुपये चढवताना मंत्रालयाने या भट्टीवाल्याला घरबसल्या भाववाढ दिली आहे.

स्वस्त दारू आपोआप स्वस्त होत नसते. ती कराच्या तक्त्यात, दोन दरांच्या मधल्या फटीत जन्माला येते. युरोपातल्या स्वस्त, जहाल, गोड वाईनचा सारा इतिहास हेच सांगतो. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओतली की यीस्ट मरते, साखर शिल्लक राहते, आणि साध्या वाईनपेक्षा गोडही नि कडकही असे पेय तयार होते. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली पोर्ट ती हीच. मार्क्विस द पोंबालने 1756 साली तिच्या मळ्यांच्या हद्दी आखल्या. (गोव्याहून परतताना मंडळी जी गोडसर ‘पोर्ट’ पिशवीत घालून आणतात, ती या घराण्याची लांबची, गरीब नातलग.) लॉर्डांनी जेवणानंतर घ्यायचे हे पेय पुढे गरिबाच्या वस्तीत उतरले ते वेगळ्याच रूपात. पोलंडात सफरचंदाच्या रसाची, गंधकाचा वास मारणारी ‘याबोल’, सोव्हिएत रशियात ‘777’ छापाची पोर्टवाईन, स्कॉटलंडच्या कामगारवस्त्यांत डेव्हनच्या बेनेडिक्टाइन मठातून येणारी, कॅफीनमिश्रित 15 टक्क्यांची बकफास्ट. मठातले संन्यासी बनवतात आणि बेकार पोरे पितात, यावर तिकडे वर्षानुवर्षे तंटा चालू आहे.

युरोपीय समुदायाने 1992 साली साध्या वाईनवरचा किमान कर शून्य ठेवला आणि ब्रँडी घातलेल्या वाईनवर हेक्टोलिटरमागे 45 एक्यू (आजचे 45 युरो). रेघ सरकारने मारली. त्या रेघेच्या अल्याड-पल्याड कोणती बाटली कितीला विकायची हे कारखानदारांनी ठरवले. ब्रिटनला ही गोम कळायला ऑगस्ट 2023 उजाडला. तेव्हापासून तिथे कर बाटलीच्या कुळावर नव्हे, तिच्यातल्या अल्कोहोलवर लागतो. स्कॉटलंड त्याहून पुढे गेले. अल्कोहोलच्या प्रत्येक दहा मिलिलिटरला 50 पेन्सपेक्षा कमी भाव घेता येणार नाही, असा कायदा तिथे 1 मे 2018 पासून लागू झाला. व्हिस्की कारखानदारांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि हरली. 2023 च्या सरकारी मूल्यमापनात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर झाले असते त्यापेक्षा 13.4 टक्क्यांनी कमी भरले. सप्टेंबर 2024 मध्ये तो भाव 65 पेन्सवर नेला. हा कायदा निर्दोष नाही. वाढीव पैसा सरकारकडे न जाता दुकानदाराच्या गल्ल्यात पडतो, आणि बकफास्ट आधीच महाग असल्याने 50 पेन्सच्या रेषेने तिला ओरखडाही आला नाही. पण तिथल्या सरकारने निदान प्रश्न नीट विचारला: या भावाने माणसे किती मरतील? आमच्या सरकारने विचारले: या भावाने कोटी किती येतील?

‘महाराष्ट्र मेड लिकर’ ही अशीच फटीत पेरलेली दारू. देशी आणि विदेशी यांच्यामध्ये कराची दरी रुंद झाली. ती भरायला इथल्याच कारखानदारांनी काढायची, धान्यापासूनची, 148 रुपयांची नवी बाटली. ऐंशीवाल्याला वरच्या पायरीचा मोह पडावा आणि दोनशे-पाचवाल्याला खाली उतरायला लाज वाटू नये, असा हा बेत. आणि नाव कुणाचे? ज्ञानोबा-तुकोबांच्या, शिवरायांच्या राज्याचे! 27 जानेवारी 2022 रोजी आघाडी सरकारने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी दिली, तेव्हा महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही अशी गर्जना देवेंद्र फडणवीसांनी केली होती. त्याच फडणवीसांच्या मुख्यमंत्रिपदाखाली महाराष्ट्राचे नाव थेट दारूच्या वर्गावर छापले गेले. समोरची मंडळी तरी काय धुतल्या तांदळाची? वाईन म्हणजे दारू नव्हे, असे प्रमाणपत्र तेव्हा संजय राऊतांनी दिले होते. अण्णा हजारे उपोषणाला निघाले, वाहिन्यांवर आठवडाभर रणकंदन झाले, आणि ज्या बाटलीसाठी हे झाले ती बदलापूरच्या बांधकामावरचा बिगारी आयुष्यात कधी उघडणार नव्हता. द्राक्षाच्या वाईनला 2001 च्या धोरणापासून सवलतींचा पाळणा. तिच्या मूल्यवर्धित कराच्या 20 टक्क्यांतले 16 टक्के उद्योगाला परत देणारी योजना 2024 मध्ये आणखी पाच वर्षे वाढवली. नाशिकच्या बागाईतदाराचे भले होत असेल तर आमची ना नाही. पण पिणाऱ्याच्या घामातून 14 हजार कोटी काढताना त्यातले किती त्याच्या व्यसनमुक्तीला, हे कुणी सांगेल काय?

आणि हातभट्टी! जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. मेली ती गूळ-नवसागराने नव्हे. मिथेनॉलने, रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत लागणाऱ्या द्रवाने. तो पोटात गेला की शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात, मग जीव. खटल्याचा निकाल नऊ वर्षांनी लागला: चौदा आरोपींपैकी चौघे दोषी, दहा सुटले. आता अंबरनाथ आणि बदलापूरचा नकाशा उघडा. दोन्हीकडे एमआयडीसी, दोन्हीकडे रासायनिक कारखाने, दोन्हीकडे रात्री-अपरात्री धावणारे टँकर. 2014 साली याच पट्ट्यातल्या वालधुनी नदीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरचे रहिवासी खोकत, ओकत रुग्णालयात पोचले. ज्या गावात टँकर नदीत रिकामा होऊ शकतो, त्या गावात तो भट्टीच्या ड्रमात रिकामा व्हायला किती वेळ? मालवणी काय फार दूर आहे?

छाप्यांचे म्हणाल तर ते होतात. हाजीमलंगच्या वाटेवर, खाडीकाठच्या झाडीत पथक जाते, रसायनाचे ड्रम उलथवते, फोटो निघतो, बातमी येते. पकडला जातो तो ड्रम राखणारा पोरगा. भट्टीत पैसा गुंतवणारा शेठ कधी फोटोत असतो काय? त्याच्यासाठी 1981 सालचा कायदा आहे. त्याच्या लांबलचक नावातच झोपडपट्टीदादांच्या शेजारी हातभट्टीवाल्यांना मानाचे स्थान आहे, आणि वर्षभर स्थानबद्ध करण्याची त्यात सोय आहे. तो कायदा कपाटात का झोपतो?

आम्ही दारूबंदी मागत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यात काय पिकले हे या तिन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना विचारा. गोर्बाचेव्हने 1985 मध्ये द्राक्षमळे उपटले, तर लोकांनी दुकानांतली साखर संपवून घरोघर दारू गाळली. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली, 2021 मध्ये गेली. उलट त्या 1949 च्या कायद्यानुसार आजही प्यायला परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपयांचा! दुकानात तो कोण मागतो, कोण देतो? कायदा पाळायचा नसेल तर त्याचे नाटक तरी थांबवा.

बायकांच्या हातातले शस्त्रही बोथट करून ठेवले आहे. 2008 च्या आदेशाने दुकान बंद करायचे तर आधी पंचवीस टक्के महिलांच्या सह्या, मग बंदीच्या बाजूच्या ‘आडवी बाटली’ला यादीतल्या निम्म्याहून अधिक मते. यादीतल्या, पडलेल्या नव्हेत! या मापाने मोजले तर आमच्या किती आमदारांची बाटली उभी राहील? मार्च 2025 मध्ये सभागृहात नवी घोषणा झाली: शहरातल्या प्रभागात पडलेल्या मतांपैकी 75 टक्के हवीत. आणि गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवे दुकान काढायचे तर सोसायटीची ना-हरकत हवी. वा! बदलापूरच्या टॉवरला कवच मिळाले. उल्हासनगरची वस्ती मात्र युद्धकाळातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीच्या निर्वासितांनी उभी केलेली. तिथे, आणि अंबरनाथच्या चाळीत, अनेक ठिकाणी सोसायटीच नाही. मग हरकत घ्यायची कुणी? बाटलीचे चार वर्ण झाले होतेच, आता हरकतीचेही दोन झाले.

1880 साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते. शहरात दारूचे गुत्ते वाढताहेत, माणसे आणि घरे बुडताहेत, म्हणून त्यांनी पालिकेला पत्र लिहून विरोध नोंदवला. एका सभासदाने, इंग्रजी अमलात, जिथे अबकारीचा पैसा सरकारला गोड होता तिथे! उल्हासनगरची महापालिका आणि अंबरनाथ-बदलापूरच्या दोन नगरपरिषदा मिळून जे नगरसेवक बसवतात, त्यांच्यातल्या कुणी असे एक पत्र लिहिल्याचे दाखवावे. गटारे आणि कमानींवर तासन् तास भांडणारी ही सभागृहे देशीच्या दुकानासमोर मुकी का होतात?

म्हणून आमची मागणी साधी आहे. कर बाटलीच्या कुळावर नको, तिच्यातल्या अल्कोहोलवर हवा. देशीला प्रूफ लिटर आणि विदेशीला निर्मितीखर्च हा दुजाभाव बंद करा. 14 हजार कोटींतला ठरावीक वाटा कायद्याने बांधून या कामगारवस्त्यांतल्या सरकारी दवाखान्यांत व्यसनमुक्तीच्या खाटांना द्या. चाळीतल्या बाईचे मत टॉवरच्या ना-हरकतीइतके वजनदार करा. मिथेनॉलचा टँकर कुठून निघाला, कुठे रिकामा झाला, याचा हिशेब रोज ठेवा. आणि येत्या अधिवेशनात पटलावर एक कागद ठेवा: गेल्या पाच वर्षांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत हातभट्टीचे किती गुन्हे नोंदले, किती मालक पकडले आणि त्यांपैकी किती जणांना शिक्षा झाली. ड्रम राखणारी पोरे त्यात मोजू नका.