सी.पी.आर.मधले शिकाऊ डॉक्टर

कोल्हापूरला सी.पी.आर.ला न्यायचे म्हटले, की पारावरचा एखादा बोलतोच, "तिथं शिकाऊ डॉक्टर हात लावत्यात." या बोलण्यापायी लोक आधी उसनवारी करून खाजगीत जातात. पैसा संपला की मग सी.पी.आर. आठवते, आणि तोवर दुखणे हाताबाहेर गेलेले असते.

हे दगडी रुग्णालय संस्थानी काळातले. जुने नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, आताचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. 2000 साली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते याला जोडले गेले.

त्याने फरक पडला तो रात्रीचा. तालुक्याहून साप चावलेला माणूस रात्री दोनला पाठवला, तरी वॉर्डात निवासी डॉक्टर असतो. तो शिकत असतो हे खरे, पण एम.बी.बी.एस. होऊन आलेला असतो आणि त्याच्यावर प्राध्यापक असतात. सकाळी राऊंडला दहाजण खाटेभोवती जमले की आपली म्हातारी बावरते. तिला आधीच सांगून ठेवावे. एकच प्रश्न तिघांनी विचारला तरी चिडू नये. पहिल्यांदा विसरलेले तिसऱ्यांदा आठवते.

गर्दी फार, हे मात्र नाकारता येत नाही. शेंडा पार्कात 1100 खाटांचे नवे रुग्णालय मंजूर झाले आहे. खाटांबरोबर नर्स आणि डॉक्टरही पुरेसे भरावेत, एवढी मागणी आपण लावून धरू.

जाताना जुने कागद आणि चालू गोळ्या घ्याव्यात. फवारणीचे औषध पोटात गेले असेल, तर त्याची बाटली लेबलासकट न्यावी.