आकड्यासोबत कारणही दाखवा

मोबाइल गेमवर वयाचा आकडा असतो, असे कंपन्या सांगतात आणि ते खोटे नाही. प्ले स्टोअरवर गेमचे पान उघडा. मिळालेले तारे आणि डाउनलोडची संख्या यांच्या शेजारी बारीक चौकोनात '१२+' किंवा '१६+' दिसते. मात्र गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या वाड्यावर राहणाऱ्या, मराठी शाळेत शिकलेल्या आईने त्यातून काय ओळखायचे? गेममध्ये रक्तपात आहे, पैसे जातात, की बारा वर्षांखालच्या मुलाला तो जमणारच नाही? हा शेवटचा गैरसमज युरोपातही झाला. तिथे गेमसाठी २००३ पासून 'पेगी' या मानांकनाचे वयोगट आहेत. अनेक पालक तो आकडा खेळाच्या अवघडपणाचा समजत. २००९ मध्ये त्या आकड्यांना हिरवा, नारिंगी, लाल असे रंग देण्यात आले.

मुलांच्या मोबाइल गेमची चिंता गोव्याला नवी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी पबजी या मोबाइल गेमवर निर्बंध घालण्याची भाषा केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पबजी बंद केला, तो देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन. वर्षभरात तोच खेळ नव्या नावाने परतला. दरम्यान टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांमुळे मोबाइल मुलांच्या हाती आला होता. तो आता कुणी काढून घेणार नाही. म्हणून पालकाला निवड करता यावी, एवढी तरी सोय हवी.

चित्रपटांसाठी ती झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे गट पाडले. गेमसाठी मात्र आपले स्वतःचे असे काही नाही. प्ले स्टोअरवरचा आकडा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून आपोआप ठरतो.

परदेशी चिन्हे जशीच्या तशी उचलूनही चालणार नाही. पेगीत भीतीसाठी कोळी आहे, अमली पदार्थांसाठी सिरिंज. आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्याला कोण घाबरतो? सिरिंज पाहून आरोग्य केंद्र आठवेल. जुगाराचे फासे मात्र महाभारतापासून सर्वांना कळतात. ते खुशाल घ्यावेत. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका अक्षर न वाचता ओळखला जातो, तितके गेमचे चिन्ह सरळ हवे. आकडा मोठा, शेजारी कारणाचे चित्र, खाली मराठी-कोकणीत दोन शब्द: 'मारहाण', 'पैसे जातात'. केवळ रंगावर भिस्त नको, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक पुष्कळ आहेत.

हे काम इथेच होऊ शकते. आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चिन्हे काढावीत आणि माहिती तंत्रज्ञान खात्याने ती पेडणे, डिचोलीतल्या शाळांच्या पालक-शिक्षक संघांत नेऊन तपासावीत. शब्द झाकून चित्र दाखवायचे आणि विचारायचे, हा गेम नऊ वर्षांच्या मुलाला द्याल का, आणि का? अमेरिकेत सुरक्षाचिन्हांसाठी एक कसोटी आहे: किमान ८५ टक्के लोकांनी चिन्ह बरोबर ओळखले पाहिजे आणि धोकादायक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. आम्हाला इथेही हीच कसोटी हवी.

सर्वांत आधी पैशांचे चिन्ह करावे. मांडवीतल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण दहा वर्षांच्या मुलाच्या गेममध्ये चक्र फिरते, बंद पेटी विकली जाते आणि आत काय आहे ते पैसे गेल्यावरच कळते. गेममधल्या खरेदीसाठी पेगीने २०१८ मध्येच वेगळे चिन्ह आणले. नव्या कायद्यात गेमिंग प्राधिकरणाची तरतूद आहे. ही चिन्हे तपासून झाली की राज्य सरकारने ती पालकांच्या उत्तरांसह त्या प्राधिकरणापुढे ठेवावीत आणि 'डाउनलोड'च्या बटणाच्या वर ती सक्तीने दाखवण्याची मागणी लेखी करावी.