बादशहाचा कोबी

आमच्या ह्यांची नोकरी जूनमध्ये संपली. कचेरीचे फोन मात्र संपले नाहीत. दोन महिने झाले नाहीत तोच ‘सल्लागार म्हणून परत या’ असं आर्जव सुरू झालं. हे हो म्हणेनात, नाही म्हणेनात. माझं मत विचाराल तर ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना विचारा! अशा त्रिशंकू अवस्थेत सप्टेंबरात आम्ही क्रोएशियातल्या स्प्लिटला जाऊन पोहोचलो.

एड्रियाटिक समुद्राकाठचं हे जुनं गाव म्हणजे एक राजवाडाच आहे. रोमन बादशहा डायोक्लेशियनने निवृत्त होऊन राहण्यासाठी तो बांधला. आज त्यात दुकानं आहेत, खाणावळी आहेत, बिऱ्हाडं आहेत. आमची भाड्याची खोलीही तटाच्या आतच होती. समोर सतराशे वर्षांच्या भिंतीला दोरी बांधून कुणा गृहिणीने चादरी वाळत घातल्या होत्या. मला तर गिरगावातल्या आमच्या चाळीत आल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांपुरती मोटार ठरवून सालोनाला गेलो. पाच-सहा किलोमीटरवरचं हे एकेकाळचं भरभराटीचं रोमन शहर. सातव्या शतकात ते उद्ध्वस्त झालं, आणि जीव वाचवून पळालेली माणसं त्या राजवाड्यातच राहायला आली म्हणतात. आता उरलंय ते प्रेक्षागाराचं दगडी कडं, पडके खांब आणि भरपूर गवत. मोटार चालवणारा मुलगा मोठा बोलका होता. एका दगडावर बसून तो सांगू लागला : डायोक्लेशियन इथल्याच परिसरातला. २८४ साली गादीवर आला, आणि ३०५ साली आपण होऊन गादी सोडली. पुढे ‘परत या’ म्हणून विनवणी झाली, तेव्हा बुवांनी कळवलं की, मी स्वतः लावलेला कोबी एकदा पाहाल तर असलं काही सुचवणार नाही!

मी ह्यांच्याकडे सहेतुक पाहिलं.

“आणि पुढे?” ह्यांनी विचारलं.

मुलगा जरा घुटमळला. पुढे नव्या बादशहाने त्याच्या विधवा मुलीला, व्हालेरियाला, हद्दपार केलं. तिला माझ्याकडे पाठवा, म्हणून म्हाताऱ्याने पुन्हा पुन्हा निरोप धाडले. कुणी दाद दिली नाही.

“म्हणजे खुर्ची गेली की कुणी ऐकत नाही,” हे गवताची काडी मोडत म्हणाले.

इतके दिवस मी समजत होते, ह्यांना पगाराची ओढ आहे. पगाराचं काहीच नव्हतं. मी सहेतुक पाहणं बंद केलं.

त्यानंतर त्रोगीर पाहिलं. छान आहे, पण माझं लक्ष नव्हतं. परतल्यावर बादशहाची समाधी पाहिली. तिचं आता चर्च झालंय, तेही त्याच्याच अमदानीत मारल्या गेलेल्या बिशपच्या नावाचं! तिथेही हे गप्पच.

तटाबाहेरचा भाजीबाजार उठत आला होता. ह्यांनी एक कोबी उचलला, हातात तोलला आणि न घासाघीस करता घेतला. छत्तीस वर्षांत हे प्रथमच!

खोलीवर मी डब्यातली मोहरी-हळद काढली. हे चक्क सुरी घेऊन बसले. काप जाडे होत होते. मी बोलले नाही. इतक्यात फोन वाजला. नाव दोघांनीही वाचलं.

“तू घे,” हे म्हणाले, “आणि सांग, कोबी चिरतोय.”