खुणा जुळल्या, पण चित्रे जुळली का?

नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात सगळ्या पथाऱ्या सारख्याच लाल दिसतात. त्याच भागाची दोन निरनिराळ्या वर्षांची छायाचित्रे केवळ रंग पाहून एकमेकांवर बसवली, तर एकाची पथारी दुसऱ्याच्याच पथारीवर जाऊन बसेल! म्हणून विहीर, चौक, रेल्वेचा रूळ अशा जागा न सोडणाऱ्या खुणा आपण आधी जुळवतो.

वैद्यकातही हाच प्रश्न येतो. कर्करोगावर किरणोपचार चालू असताना रुग्णाच्या सीटी प्रतिमा पुन्हा घ्याव्या लागतात. जुनी व नवी प्रतिमा एकमेकींवर नीट बसली, तरच गाठ किती आटली आणि किरण नेमके कोठे द्यायचे हे कळते. पण शरीर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. श्वासाबरोबर फुप्फुस फुगते, यकृत खाली सरकते. प्रतिमा नुसती सरकवून किंवा फिरवून भागत नाही. ती जागोजागी कमीअधिक ताणावी लागते. संगणक उजळ-काळ्या छटा पाहून हे काम करतो. पण सारख्या दिसणाऱ्या दोन रक्तवाहिन्यांत तो फसू शकतो. तेथे जाणकार डॉक्टर श्वासनलिकांचे व रक्तवाहिन्यांचे फाटे दोन्ही प्रतिमांत दाखवून देतात.

खुणांच्या मधल्या भागाचे काय? १९८९ साली फ्रेड बुकस्टाईन यांनी यासाठी पातळ पत्र्याचे गणित मांडले. पत्रा काही बिंदूंवर ठरावीक उंचीला धरला, की उरलेला पत्रा कमीत कमी ऊर्जा लागेल असा वाकतो. त्याच नियमाने प्रतिमा ताणता येते.

पण येथेच सावध राहायला हवे. या गणितात दिलेल्या खुणा तंतोतंत जुळतातच. खूण चुकीची दिली तरीही जुळते आणि आजूबाजूचा भाग आपल्याबरोबर ओढून नेते. म्हणून 'सर्व खुणा जुळल्या' हा जुळणी बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. माझ्या मते काही खुणा संगणकाला न सांगता राखून ठेवल्याच पाहिजेत. जुळणीनंतर त्या किती मिलिमीटर चुकल्या, ही खरी परीक्षा. कोणी म्हणेल, डॉक्टरांचा वेळ मोलाचा. मिळतील तेवढ्या खुणा जुळणीलाच वापराव्यात. परंतु न तपासलेल्या जुळणीवर विसंबून किरण निरोगी भागावर पडले, तर वाचवलेल्या वेळाचा काय उपयोग? २००९ साली अमेरिकेत डिर-लॅबने फुप्फुसाच्या प्रतिमांत दर रुग्णामागे ३०० खुणा नोंदवून दिल्या, त्या अशा परीक्षेसाठीच.

ही शिस्त शाळेतच लागावी. पुढच्या प्रयोगात दहा नोंदी घ्या. आठ नोंदींवरून आलेख काढा आणि दोन झाकून ठेवा. मग त्या आलेखावर बसतात का ते पाहा. शिक्षकांनी गुण द्यावेत ते या दोन नोंदी प्रामाणिकपणे तपासल्याबद्दल. त्या बसल्या नाहीत तरीसुद्धा!