मुंगीची वाट आणि खडूची रेघ

आषाढात पावसाची झड लागली की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : ओट्यावर मुंग्यांची रांग लागली. जमिनीतील बिळांत पाणी शिरते आणि मुंग्या कोरड्या जागेच्या शोधात भिंतीच्या फटींतून वर येतात. चातुर्मासाच्या दिवसांत जैन गृहिणीला ही रांग पाहून अधिकच धर्मसंकट पडते. फवारा नको, म्हणून ओट्याच्या कडेने खडूची रेघ ओढली जाते.

रेघेने मुंगी केवळ अडते, मरत नाही, असा पुष्कळांचा प्रामाणिक समज आहे. तो चुकीचा आहे. बाजारात मिळणाऱ्या अशा खडूंत सामान्यतः पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशक असते. ते मुंगीच्या मज्जासंस्थेवर आघात करते आणि ती थोड्या वेळाने, बहुधा नजरेआड, मरते. बिनवासाच्या जेलची गोष्ट याहून गंभीर आहे. ते विषारी आमिष असून मुंगी ते बिळात नेऊन राणीला व अळ्यांना भरवते. फवारा नाकारून जेल स्वीकारणाऱ्या घरातील हिंसा कमी होत नाही; ती फक्त खतावणीत दिसत नाही, इतकेच.

तत्त्वार्थसूत्रात त्रीन्द्रिय जीवाचे उदाहरण म्हणून मुंगीच घेतली आहे : स्पर्श, रस आणि गंध. आधुनिक कीटकशास्त्र मुंगीला डोळे आहेत असे सांगते. तथापि घरातील मुंग्यांचा मुख्य आधार गंधच होय. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर गंधाचा माग सोडते आणि इतर मुंग्या त्यावरून येतात. म्हणून मुंगी नव्हे, माग पुसावा. प्रथम गोडाचा डबा किंवा सांडलेला कण हलवावा आणि रांग आपोआप विरळ होईपर्यंत थांबावे. घाई येथेच नडते. रांग चालू असताना साबणाचे फडके फिरवले, तर खडूने झाले तेच फडक्याने होईल. उरलेल्या चुकार मुंग्या पुंजणीने अलगद बाजूला कराव्यात, मग साबणाच्या पाण्याने वाट पुसून फटीत पांढरे सिमेंट भरावे. हळदीची रेघ निरुपद्रवी असली, तरी मुंगी लवकरच तिला वळसा घालते. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत आता सोडावी; त्यांत मुंग्या बुडतात आणि डासही होतात.

मुंगी ओळखता आली की निम्मे काम झाले. स्वयंपाकघरात आणि स्विचबोर्डमागे दिसणारी, सुमारे 2 मिलिमीटरची पिवळसर फॅरो मुंगी सर्वांत चिवट. लिनियसने 1758 मध्ये तिला हे नाव दिले. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा मारला की वसाहत फुटून दोन-चार ठिकाणी नवी बिऱ्हाडे थाटते. म्हणजे येथे हिंसाही घडते आणि पैसेही वाया जातात. लांब पायांची, सैरावैरा धावणारी काळी मुंगी बहुधा बाहेरून येते; तिच्यासाठी उंबऱ्याची फट बुजवणे पुरते. मोठा काळा मुंगळा कुंडीतील झाडांवरच्या मावा-पिठ्या कीटकांच्या गोड स्रावासाठी येतो, म्हणून कुंड्या खिडकीपासून दूर सरकवाव्यात. बोरिवली-मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या इमारतींत आंब्याच्या पानांची घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या खिडकीच्या जाळीला टेकलेल्या फांदीवरून आत येतात. घरट्याला हात न लावता तेवढी फांदी छाटावी. त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते.

रुग्णाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या खोलीत मात्र ढिलाई चालत नाही, कारण फॅरो मुंग्या जखमेपर्यंत पोहोचतात आणि जंतूही वाहून नेतात. पलंग भिंतीपासून दूर घ्यावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये, पायांना पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावावा आणि खाण्याचे काहीही त्या खोलीत ठेवू नये.

मुंग्यांना पीठ-साखर घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ते दान सोसायटीच्या कुंपणाशी घातले, तर मुंग्यांना तळमजल्याचे आमंत्रणच मिळते. इमारतीपासून दूर, झाडाच्या बुंध्याशी, पायवाट सोडून ते घालावे. सोसायटीच्या वार्षिक सभेत कीटकनियंत्रणाचा ठेका मंजुरीला येईल, तेव्हा सभासदांनी दराबरोबर एवढेही विचारावे : कोणते औषध, कोणत्या ठिकाणी आणि खरोखर कोणत्या किड्यासाठी?